लँकॅस्टर व्हीआर-ए : मागचा टरेट सुटला एकदाचा

सुटला मंडळी, माझ्या लँकॅस्टर बाँबर विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा टरेट, म्हणजे शेपटीतली बंदुकांची फिरती खोली! तीन रविवार खाल्ले मेल्याने, पण सुटला.

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की फ्यूजलाज (विमानाचं धड) जोडून झालं, आता सोपंच आहे. तोंडाला कुलूप हवं होतं. या किटमध्ये मागचा टरेट फ्यूजलाजच्या दोन अर्ध्यांमध्ये आधीच बसवून घ्यावा लागतो. मी बसवला, फिरवून पाहिला, छान फिरत होता. मग शिवणीवरून पातळ सुपरग्लू सोडला आणि तो सरळ टरेटच्या खोबणीत ओढला गेला. सकाळी बोट लावलं तर ढिम्म.

आणि अडकावा तर नेमका हाच! केबी726, म्हणजे अंगावर व्हीआर-ए अक्षरं असलेलं हे विमान, करायला घेतलं तेच मुळी या टरेटसाठी. 12-13 जून 1944 ची रात्र, फ्रान्समधल्या कांब्रेवरचा हल्ला. जर्मन फायटरने मागून, खालच्या अंगाने मारा केला. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली आणि त्यांच्याबरोबर मागच्या टरेटचं हायड्रॉलिकही. हाताने फिरवायची सोय होती, ती मागचा गनर पॅट ब्रॉफीच्या धडपडीत मोडली. टरेट मधेच अडकला, ब्रॉफी आत. वरच्या टरेटचा गनर अँडी मिनार्स्की उडी मारायला दारापर्यंत पोचला होता. त्याने मागे पाहिलं आणि आगीतून ब्रॉफीकडे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी टरेट हलवायला बघत होता. ब्रॉफीनेच हाताने खुणावलं, जा तू. कपडे आणि पॅराशूट पेटलेल्या अवस्थेत त्याने ताठ उभं राहून सलाम केला आणि उडी मारली. खाली फ्रेंच गावकऱ्यांना तो सापडला, पण भाजण्यानेच गेला. वय 27. विमान आपटलं तेव्हा ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला. सातपैकी गेला तो एकटा अँडी. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, 1946 मध्ये जाहीर झाला, तो ब्रॉफीने परतून हे सगळं सांगितलं म्हणून.

तर मला टरेट असाच मधे अडकलेला, तिरका हवा होता. माझा अडकला तो सरळ.

पहिला रविवार डीबाँडरमध्ये (सुपरग्लू विरघळवणारं द्रावण) गेला. ते प्लास्टिकलाही खातं, शेपटीच्या रिव्हेटा पुसट झाल्या. दुसऱ्या रविवारी रेझर सॉ, म्हणजे पातळ करवत. पातं खोबणीत शिरेचना. मग आठवलं, सुपरग्लू गारठला की ठिसूळ होतो. अख्खं फ्यूजलाज पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी सासूबाईंची हाक : "अगं, मटाराच्या डब्यावर हे काय मगरीसारखं ठेवलंयस?" तिथेच ओट्याशी उभं राहून पिळलं. टक्! फिरला!

पण सुपरग्लूच्या वाफेने टरेटची काच आतून पांढरी झालीय. इयरबडला टूथपेस्ट लावून घासली, बाहेरून चकाचक, आतून तसंच धुकं. आता नवी काच करायला गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक मेणबत्तीवर धरून लाकडी ठोकळ्यावर ओढणार आहे. दोन प्रयत्न जळाले, तिसरा बरा वाटतोय. क्लिअर पार्टला यापुढे फक्त फेव्हिकॉल, लिहून घ्या.

बाकी बरं चाललंय. टरेटमधल्या चारही ब्राउनिंग मशीनगनच्या नळ्या इन्सुलिनच्या सुयांच्या केल्या. केमिस्टकडे पाच-दहा रुपयांचं काम, आणि बाहेरून मागवलेल्या पितळी नळ्यांपेक्षा सरस दिसतात. डिकॅल (विमानावर चिकटवायची अक्षरं) मात्र डोकेदुखी. ज्यांच्याकडून मागवले त्यांचा लाल रंग विटकरी निघाला, शिवाय 'ए'ची एक तंगडी आखूड. स्टेन्सिलसारखा मास्क कापून रंगवणार.

आता खरी गंमत. काच सुकेपर्यंत ब्रॉफीची हकिकत पुन्हा वाचत बसले होते. उड्डाणाआधी इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावर, विमानाशेजारच्या गवतात बसलेले असताना अँडीला चार पानांचं क्लोव्हर (एरवी तीन पानांचं रानरोप) सापडलं. नशिबाचं मानतात ते. ते त्याने ब्रॉफीला देऊन टाकलं. कॅनडाच्या विनिपेगमधल्या पोलिश घरातला पोरगा, सोळाव्या वर्षी बाप गेल्यावर चामडं कापायच्या कामाला लागलेला. त्याने हातात आलेलं नशीब दोस्ताला दिलं.

झालं, बेत बदलला. आग नको, धूर नको. पेटलेलं विमान करण्यात मला आता रस नाही. 12 जूनची संध्याकाळ करायची, विमान जमिनीवर, शेपटीजवळ गवतात दोघं बसलेले. एक हात पुढे, एक हात घ्यायला. 1:72 च्या मापात माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटर, क्लोव्हर कुठून दिसणार? तरी हिरव्या रंगाचा एक ठिपका सुईच्या टोकाने ठेवणार आहे.

आणि हो, उभ्या विमानाचा टरेट सरळच असायला हवा. म्हणजे तीन रविवार झगडून सोडवला, तो फेव्हिकॉलने होता तिथेच चिकटवायचाय. नवरा ऐकून इतका हसला की चहा सांडला, सुदैवाने पंखावर नाही.

बसलेल्या पायलटांचे पुतळे कुणाच्या स्पेअर बॉक्समध्ये असतील तर सांगा. माझ्याकडचे सगळे उभे आहेत, गुडघे कापून वाकवावे लागतील.