तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याला 14 वर्षं का लागली?

"इंग्रज 1947 ला गेले, मग पोर्तुगीज 1961 पर्यंत कसे टिकले? नेहरूंनी आधीच फौज का घातली नाही?" पुण्यात हा प्रश्न चुकत नाही, आणि चुकूही नये. गोवा विमोचन सहायक समिती इथलीच. 18 मे 1955 ला सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन निघालेले नानासाहेब गोरे आणि सेनापती बापटही. पण 'नेहरू कचरले' एवढं बोलून विषय मिटवतात, ते मला सोसत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने 1951 मध्ये राज्यघटनेतला शब्द बदलला: 'वसाहती'चे 'सागरापलीकडचे प्रांत' झाले. प्रांताला स्वातंत्र्य देण्याचा प्रश्नच उरत नाही. 1955 च्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन भारतात गोव्याच्या बाजूने बोलले, तर त्यांना उत्तर म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेसनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या पत्रकात हाच 'प्रांत' शब्द वापरला. अमेरिकेला पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा हवाई तळ हवा होता. 'नाटो' ही पाश्चात्त्य लष्करी युती पोर्तुगालसाठी मध्ये पडली असती, हे मात्र मला पटत नाही. त्या कराराच्या 6व्या कलमाने ठरवलेल्या संरक्षणाच्या हद्दीत गोवा बसतच नाही.

आता 18 डिसेंबर 1961 पाहा. आपली फौज गोव्यात शिरली आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा (म्हणजे इजिप्तचा) ठराव होता, पोर्तुगालची तक्रार फेटाळा. बाजूने 4, विरोधात 7. मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तानचा: लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने 7, विरोधात 4. परिषद तेव्हा 11 जणांची, ठरावाला 7 मतं पुरत. ती मोजून पडली होती! ठराव अडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा शरण आले.

भारताच्या हाती आणखी एक आधार होता. डिसेंबर 1960 च्या 1542 क्रमांकाच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याचं नाव घेऊन 'प्रांत' हा दावा नाकारला होता. 1955 मध्ये हा आधार नव्हता.

पण इथेच मी अडखळते. दादरा-नगर हवेली 1954 ला सुटली तेव्हाच पुढे जायला हवं होतं, असं मी पूर्वी ठासून म्हणायचे, आणि ते मत आजही पुरतं सुटलेलं नाही. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली, आणि त्यानंतर आपल्याच सरकारने सत्याग्रह थांबवला. पाच वर्षांनी होणाऱ्या ठरावाचा दाखला त्या घरांना कुठल्या तोंडाने द्यायचा? आणि 1961 ला पाऊल उचललं ते मतं मोजून, की फेब्रुवारी 1962 ची निवडणूक तोंडावर होती म्हणून? दोन्ही असावं, असं मला वाटतं.