दोन नंबरचा एक्झॉस्ट

टॅपेट (वाल्वचा गॅप) बरोबर, टायमिंगच्या खुणा बरोबर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिन्ही सिलिंडरला जवळजवळ सारखं, आणि तरी गाडी ओढत नाही, रेस दिली की कार्बोरेटरमधून फाट फाट बॅक मारते. अशी जुनी मारुती ८०० आली की बहुतेक गॅरेजवाले आधी कार्बोरेटर खोलतात. पार्ल्याच्या काकूंच्या गाडीचं हेच झालं होतं. कार्बोरेटर धुतला, किट टाकलं, मग दुसरा कार्बोरेटर बसवला, प्लग, वायरी, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची कॅप सगळं बदलून झालं आणि शेवटी एकाने सांगितलं इंजिन संपलंय, भंगारात द्या. इंजिन अजिबात संपलेलं नव्हतं. आता काम होऊन गाडी चालू झालीये, पण त्यातला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

काकू पोस्टातून रिटायर झालेल्या. गाडी स्वतः चालवतात, पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करतात, ग्रीन टॅक्स वेळेवर भरतात. पार्ले पूर्वेला जुनी तीन मजली सोसायटी, आता रिडेव्हलपमेंटला गेलेली, घरं रिकामी करायची तारीख अंगावर आलेली. गल्ली काँक्रिटीकरणासाठी खणलेली, एका बाजूने छोटी गाडी जेमतेम निघेल एवढीच वाट, टोइंगची व्हॅन आत येणं शक्य नव्हतं. आणि आली असती तरी काकूंनी गाडी दिली नसती. "तुम्ही इथेच करा, माझ्या डोळ्यासमोर," एवढंच म्हणाल्या. गाडी ठेवून घ्यायची, आठवड्याने फोन, हातात बिल आणि दोष जिथल्या तिथे, हे त्यांनी इतक्यांदा भोगलं होतं की मला त्यांचं काही चुकीचं वाटलं नाही. हा विश्वास आमच्याच धंद्यातल्या लोकांनी घालवलाय, गिऱ्हाइकाला संशयी म्हणून काय उपयोग.

काकूंकडे एक वही आहे. किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, अॅव्हरेज काय पडलं, कुठलं काम कधी झालं, सगळं तारखेसकट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी ती वहीच वाचत बसलो. त्यात स्पष्ट दिसत होतं, गाडी एकदा गरम होऊन हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं) गेलं, एका गॅरेजमध्ये हेडचं काम झालं, टायमिंग बेल्टही (खालच्या क्रँकवरून वरचा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तेव्हाच बदलला, त्यानंतर थोडे महिने ठीक आणि मग अॅव्हरेज हळूहळू खाली खाली. कार्बोरेटरचा दोष असा महिनोन्‌महिने एका चालीने वाढत नाही. काहीतरी झिजत होतं.

गाडी चालू करून एकेका प्लगची वायर काढून बघितली. एक आणि तीनची काढली की इंजिन अजून बसतं, दोनची काढली की आवाजात फारसा फरक नाही, पण बॅक मारणं बंद! इथेच निम्मं काम झालं. तरी स्क्रूड्रायव्हर हेडला टेकवून कानाला लावला, तर पार्ल्यात दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान. त्याच विमानांपायी तिथल्या बिल्डिंगच्या उंचीवर बंधन आहे आणि कित्येक सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट रखडलं, पण ते जाऊ दे, मला आवाज ऐकू येईना एवढंच.

मग टॅपेट कव्हर उघडलं. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून नीट सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, त्यावरचा एकेक टोकदार उंचवटा म्हणजे कॅम. कॅमचं टोक रॉकर नावाच्या तरफेला ढकलतं आणि रॉकर वाल्व उघडतो, इनटेकचा वाल्व पेट्रोल-हवा आत घेतो, एक्झॉस्टचा जळलेला गॅस बाहेर सोडतो. टॅपेटचा गॅप फिलर गेजने मोजतात तेव्हा कॅमचं टोक रॉकरच्या विरुद्ध बाजूला असतं, म्हणजे रॉकर कॅमच्या गोल पाठीवर टेकलेला असतो. या इंजिनला थंड असताना साधारण ०.१५ मिमी गॅप ठेवतात. आता कॅमची पाठ शाबूत आहे आणि टोक झिजलंय, तर गेज काय सांगणार? गॅप बरोबर आहे. शंभर वेळा मोजा, बरोबरच येणार. वाल्व मात्र जेवढा उघडायला हवा तेवढा उघडतच नाही. एक्झॉस्टचा वाल्व उघडला नाही तर जळलेला गॅस बाहेर जायला वाट नाही, इनटेक उघडला की तो उलटा कार्बोरेटरकडे येतो आणि फाट. कॉम्प्रेशन गेजलाही हे कळत नाही कारण वाल्व बंद होतोय तो नीटच होतोय. म्हणजे आधीच्या लोकांनी मोजमापं खोटी घेतली असं मी म्हणत नाही. मोजली ती बरोबरच मोजली, पण गेज जिथे बघतं तिथे दोष नव्हताच, आणि कव्हर उघडलेलं असताना हाताने इंजिन फिरवून रॉकर किती हलतोय ते एकानेही बघितलं नाही, याचा मला राग आहे.

मला हे बघायची सवय माझ्या उस्तादांनी लावली. ते टॅक्सीचं काम करायचे, पद्मिनीचं. पद्मिनीचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, बेल्ट नाही चेन, कॅम डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे वर रॉकर किती उचलतो त्यावरूनच खालच्या कॅमची तब्येत ओळखायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण ती पद्धत कुठल्याही इंजिनला लागू आहे. प्लग काढले, पुलीला पाना लावून हळूहळू फिरवलं. सहापैकी पाच रॉकर व्यवस्थित खाली-वर, दोन नंबरचा एक्झॉस्ट नुसता हलल्यासारखा करतो. टॉर्च मारून बघितलं तर कॅमचं टोक चोखलेल्या कोयीसारखं गुळगुळीत.

काकूंना खाली बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि विचारलं, "मग बाकीचे एवढे दिवस काय बघत होते?"

कॅमशाफ्ट शोधणं हे वेगळंच प्रकरण झालं. ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो, तिथे एका दुकानात बॉक्समधला नवा शाफ्ट पुढे टाकला, म्हणे ८०० चाच आहे. ८०० चाच होता पण एमपीएफआयचा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीचा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप मेकॅनिकल असतो आणि तो कॅमशाफ्टवरच्याच एका जादा कॅमवर चालतो, एमपीएफआयला पंप टाकीत, इलेक्ट्रिक, त्यामुळे त्या शाफ्टवर तो कॅमच नसतो. तो बसवला असता तर टायमिंग एकदम बरोबर आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा थेंब नाही. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो आजपर्यंत कोणाची तक्रार नाही आली. दुसऱ्या एका ठिकाणी बरोबर शाफ्ट मिळाला पण मी व्हर्नियर काढून एकेक कॅम मोजायला लागलो तसं त्यांना आवडलं नाही. नाही आवडलं तर नाही. त्यातले दोन कॅम बाकीच्यांपेक्षा कमी भरले, परत ठेवला. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडला एका भंगारवाल्याकडे अख्खं हेड मिळालं, त्यातला शाफ्ट मूळचा, सगळे कॅम सारखे, जर्नल (शाफ्ट हेडमध्ये टेकून फिरतो ते गोल भाग) आरशासारखे. रॉकरही त्यातलाच घेतला, कारण झिजलेला रॉकर नव्या कॅमवर ठेवला तर तो नवा कॅमही खाऊन टाकतो. बेल्ट, टेन्शनर, ऑइल सील मात्र नवीनच, यात भंगाराचा विचारसुद्धा करायचा नाही.

कामाच्या दिवशी सकाळी मदतीला विशालला घेऊन गेलो. सेक्रेटरी गेटवरच, फरशीवर ऑइल पडता कामा नये. जी फरशी पुढच्या महिन्यात बुलडोझरखाली जाणार तिच्यासाठी! ताडपत्री घातली, वर पावसाचं प्लास्टिक बांधलं आणि सुरू केलं. उजवं पुढचं चाक काढलं, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नये, घरी काम करणारी पोरं हे सर्रास करतात), अल्टरनेटरचा बेल्ट, पुली, बेल्टचं कव्हर. जुना बेल्ट वयाने फार नव्हता पण कॅमचं ऑइल सील गळून अर्धा बेल्ट ऑइलने भिजलेला, दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा. अजून थोडा वेळ चालला असता आणि कुठेतरी हायवेवर गेला असता.

या इंजिनचा कॅमशाफ्ट वर उचलून निघत नाही. डिस्ट्रिब्युटर, त्याचं घर, पंप आणि पंपाचा रॉड काढायचा, रॉकर शाफ्ट ओढून काढायचे आणि मग कॅमशाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूने आडवा सरकवत बाहेर. त्याला वेगळं बेअरिंग नसतं, अॅल्युमिनियमच्या हेडमध्येच फिरतो, त्यामुळे बाहेर काढताना कॅमच्या कडेने ओरखडा पडला तर हेडच गेलं. इथे मी विशालला हात लावू दिला नाही. रॉकर, स्प्रिंग सगळं ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने वर्तमानपत्रावर नंबर घालून ठेवलं. दोन्ही रॉकर शाफ्ट दिसायला सारखे पण सारखे नसतात, टोकाच्या पायरीचं माप वेगळं असतं, ते उलटसुलट बसले तर ऑइलचा मार्ग बिघडतो. मला आधी हाच संशय होता. पण ते बरोबर बसवलेले निघाले.

नवा शाफ्ट घालताना सगळ्या कॅमना आणि जर्नलना भरपूर मॉली पेस्ट. बेल्ट चढवताना टॅपेटचे सगळे स्क्रू पूर्ण ढिले ठेवायचे, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि कोणी करत नाही. स्क्रू ढिले असले की वाल्वच्या स्प्रिंगांचा जोर कॅमशाफ्टवर येत नाही, तो मोकळा फिरतो आणि टेन्शनरची स्प्रिंग बेल्टला खरा ताण देते. नाहीतर एका बाजूचा ताण दुसरीकडे लपतो आणि गाडी सुरू झाल्यावर बेल्ट ढिला निघतो. वरची खूण, खालची खूण जुळवली, बेल्ट घातला, मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, तेव्हाच खुणा परत समोरासमोर येतात. आल्या. टेन्शनरचा बोल्ट आवळला, अजून दोन फेरे, परत बघितलं, मग टॅपेट सेट. हे सगळं होईस्तोवर पाऊस येऊन गेला, काकूंनी दोनदा चहा पाठवला, सेक्रेटरी वरून बघत होता.

ऑइल आणि फिल्टर नवीन घालून स्टार्टर मारला. पहिली काही मिनिटं गाडी आयडलला सोडायची नाही, थोड्या वरच्या रेसवर धरून ठेवायची, म्हणजे नव्या जोडीला ऑइल भरपूर मिळतं. मग टायमिंग लाइटने डिस्ट्रिब्युटर लावला आणि रेस दिली. एकही फाट नाही. तीन सिलिंडरचा तो ओळखीचा घरघरता आवाज, एकसारखा. काकू स्वतः बसल्या, त्या खणलेल्या गल्लीतून गाडी काढून हायवेपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "फ्लायओव्हर तिसऱ्यात चढली." वहीत लगेच तारीख.

पण एकच कॅम का झिजला? बाकीचे पाच मूळच्यासारखे. हेडच्या पॅकिंगच्या कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन मला दिसलं होतं. हेड पॅकिंगला सिलिकॉन फासायचं काहीच कारण नाही, ते लावणाऱ्याला आपल्या हाताचा भरवसा नाही एवढंच त्यातून कळतं. ब्लॉकमधून हेडमध्ये ऑइल चढतं ते भोक तिथेच आहे, आणि ऑइल फिल्टरमधून गेल्यावर तिथे येतं, म्हणजे तिथला कचरा फिल्टर अडवत नाही. त्यातला एक तुकडा वर जाऊन रॉकर शाफ्टच्या दोन नंबरच्या भोकात बसला असेल, तेवढाच रॉकर कोरडा राहिला असेल. पण मी उघडलं तेव्हा ते भोक मोकळं होतं. तुकडा नंतर सुटून खाली गेला असं म्हणावं तर पुरावा नाही. फिल्टर कापून बघितला, लोखंडाची चमक होती, सिलिकॉन नव्हतं, पण खाली पडलेला तुकडा फिल्टरपर्यंत पोचतच नाही, तो आधी संपमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) पंपाच्या जाळीला अडकतो.

दुसरी शक्यता जास्त वाईट आहे. असे कॅमशाफ्ट बिडाचे ओततात आणि कॅमचा भाग ओततानाच झटकन थंड करून कडक करतात. डुप्लिकेट मालात हे कधी नीट झालेलं नसतं, मग एखादा कॅम मऊ राहतो. जुन्या शाफ्टवर कानस मारून बघितली. पाच कॅमवर कानस घसरली, झिजलेल्यावर चावली. पण त्यावरूनही ठरत नाही, कारण वरचा कडक थर झिजून गेल्यावर आतलं बीड मऊच लागणार. हेडच्या कामाच्या बिलात कॅमशाफ्टचा उल्लेख नाही. म्हणजे एकतर शाफ्ट मूळचाच होता, नाहीतर तो काढून दुसरा घातला आणि काकूंना सांगितलं नाही.

संप त्या दिवशी उतरवला नाही. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचे नट गंजून गोळा झाले होते, मोडले असते तर गाडी तिथेच अडकली असती आणि तारीख जवळ होती. आता काकू गोरेगावला भाड्याच्या घरात गेल्यात, तिथे पार्किंग बरं आहे. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायचं ठरलंय, तेव्हा संप उतरवून जाळी बघणार. सिलिकॉन निघालं तर विषय मिटला, निष्काळजीपणा होता. जाळी स्वच्छ निघाली तर काकूंच्या गाडीचा मूळचा कॅमशाफ्ट कुठे गेला हे विचारायला मी त्यांच्याबरोबर त्या गॅरेजला जाणार आहे, वही आणि जुना शाफ्ट दोन्ही घेऊन.