स्वतःचे पीक नसलेली पेठ

सांगलीच्या मार्केट यार्डात माझे काका एका अडतीच्या दुकानात दिवाणजी होते आणि शाळेच्या सुट्टीत ते मला हळदीच्या सौद्यांना सोबत नेत. तिथे येणाऱ्या हळदीतला मोठा हिस्सा आमच्या जिल्ह्यात पिकलेलाच नसे. ती कर्नाटकातून, मराठवाड्यातून, पार निजामाबादकडून ट्रकने येत असे. इतक्या लांबून माल इथेच का आणतात, असे मी विचारल्यावर काका म्हणाले होते, "इथं वजन खरं होतं आणि पट्टी वेळेत मिळते, म्हणून येतात बाबा." आज सिंगापुरात एका मालवाहतूक कंपनीत आयात-निर्यातीची कागदपत्रे तपासताना ते वाक्य मला वारंवार आठवते, कारण हा देशही अशीच एक पेठ आहे आणि तिला स्वतःचे पीक जवळजवळ नाहीच.

सांगली जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. सिंगापूर त्याच्या अकराव्या हिश्श्याएवढेही नाही, आणि तेवढ्या जागेत सुमारे साठ लाख लोक राहतात. खाण्याच्या वस्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरून येतात. वस्तू आणि सेवा मिळून या देशाचा व्यापार त्याच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे तिप्पट आहे. अशा देशाचे व्यापारधोरण हा अर्थखात्यातल्या एखाद्या विभागाचा विषय राहत नाही. परराष्ट्र धोरण आणि अन्नसुरक्षा तर त्यात गुंतलेली असतातच, पण चलनाचे धोरणही त्यातूनच ठरते. 1981 पासून इथली मध्यवर्ती बँक मुख्यतः व्याजदर हलवून नव्हे, तर आपल्या डॉलरची किंमत व्यापारी भागीदारांच्या चलनांच्या तुलनेत सांभाळून महागाई आवरते, कारण महागाई बहुतांशी जहाजातूनच येते.

हे सर्व पहिल्यापासून ठरलेले होते, असे मात्र नाही. 1963 मध्ये मलेशियात सामील होताना सिंगापूरला मोठ्या सामायिक बाजारपेठेची आशा होती आणि त्या काळात स्थानिक कारखान्यांना आयातशुल्काचे व कोट्याचे संरक्षणही दिले जात होते. 9 ऑगस्ट 1965 रोजी ते मलेशियापासून वेगळे झाले आणि वीस लाखांहून कमी वस्तीच्या बेटाच्या हाती स्वतःपुरती बाजारपेठ तेवढी उरली. एवढ्याशा गिऱ्हाइकीवर कारखाने जगणार नव्हते. गोह केंग स्वी यांच्यासारखे मंत्री आणि डच सल्लागार अल्बर्ट विन्सेमियस यांनी निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या परदेशी कंपन्यांना जुरोंगच्या औद्योगिक वसाहतीत जागा आणि करसवलती देण्याचा मार्ग धरला, आणि संरक्षक शुल्के पुढे हळूहळू निघत गेली. आज मद्य, तंबाखू, वाहने आणि इंधन वगळता मालावर सीमेवर शुल्क लागत नाही. जो वस्तू व सेवा कर लागतो, तो देशातल्या मालावरही तितकाच असतो.

इथे मला सुरुवातीला एक कोडे पडले होते. ज्याने आपले दार आधीच उघडे टाकले आहे, त्याने करारात समोरच्याला द्यायचे काय? त्याचे उत्तर कामातून हळूहळू कळले. शून्य शुल्क आज आहे ते उद्याही राहील, अशी लेखी हमी हीच एक देण्याची वस्तू आहे, आणि तिच्यासोबत बँका, दूरसंचार, सरकारी खरेदी, गुंतवणुकीचे संरक्षण असे विषय येतात. अशाच पायावर न्यूझीलंडबरोबरचा करार 2001 मध्ये, अमेरिकेबरोबरचा 2004 मध्ये आणि भारताबरोबरचा 2005 मध्ये लागू झाला. 2005 सालीच ब्रुनेई, चिली आणि न्यूझीलंड यांच्याबरोबर केलेला चौघांचा लहानसा करार पुढे वाढत जाऊन सुरुवातीला अकरा देशांच्या असलेल्या सीपीटीपीपी या पॅसिफिक परिसरातल्या व्यापार कराराचे बीज ठरला. लहान देशाने मोठ्यांची वाट न पाहता आधी नियम लिहून ठेवावेत, ही त्यातली दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

या करारांची अट अशी की सवलत इथून निघालेल्या प्रत्येक मालाला मिळत नाही. निजामाबादची हळद सांगलीतून गेली म्हणून सांगलीची होत नाही, तसेच इथल्या बंदरात नुसता उतरून पुन्हा चढलेला माल सिंगापूरचा ठरत नाही. त्यासाठी मूळ देशाचा दाखला लागतो आणि माझा अर्धा दिवस त्यातच जातो. मात्र परवान्यांसाठी खेटे घालावे लागत नाहीत, कारण 1989 पासून सर्व खात्यांचे अर्ज एकाच संगणकीय खिडकीतून जातात आणि पूर्वी ज्याला दिवस लागत, ते काम मिनिटांत होते.

दार उघडे ठेवणाऱ्याला समोरचे दार बंद होण्याची भीती सर्वाधिक असते. जून 2022 मध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा इथल्या कोंबडीच्या मांसाचा सुमारे तिसरा हिस्सा तिकडून येत होता. इथल्या सरकारने त्याच महिन्यात इंडोनेशियाला नवा पुरवठादार म्हणून मान्यता दिली आणि ब्राझीलचे गोठवलेले मांस होतेच. तांदळाच्या आयातदारांना तर कायद्यानेच महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा बाळगावा लागतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद राखून ठेवणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत सांगावी लागणार नाही.

जुलै 2023 मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि मी प्रथमच आपल्या देशाचा निर्णय माल विकत घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहून पाहिला. ऑगस्टअखेर भारताने सिंगापूरसाठी विशेष बाब म्हणून 50,000 टन मंजूर केले. एवढी वर्षे जोडलेले संबंध अशा वेळी उपयोगी पडतात. त्याच वर्षी कांद्यावर ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आले आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी आली. घरी आईला कांदा स्वस्त मिळावा, हे मलाही हवे आहे, आणि ज्या देशात शेतकरी कोट्यवधी आहेत त्याने सिंगापूरसारखे शुल्क शून्यावर आणावे, असे मी कधीही म्हणणार नाही. 2019 मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यामागची दुधाच्या धंद्याची काळजी आमच्या भागातल्या प्रत्येक गोठ्याला समजते. तरीही एका रात्रीत निघणाऱ्या आदेशांचे मला मनापासून दुःख होते, कारण त्यांत बंदरावर अडकलेल्या कंटेनरबरोबर शेतकऱ्याचे वर्षही अडकते.

शब्द पाळूनही सर्व काही सुरक्षित राहते असे नाही. अमेरिकी मालावर शुल्क नसताना आणि या व्यापारात अमेरिकेचीच शिल्लक अधिक असतानाही एप्रिल 2025 मध्ये तिने सिंगापूरच्या मालावर 10 टक्के शुल्क लावले. सिंगापूरने उलट शुल्क लावले नाही, कारण ते शेवटी इथल्याच लोकांनी भरले असते.

कांद्यावरच्या त्या बंदीच्या काळात लिटल इंडियातल्या माझ्या नेहमीच्या दुकानात भारतीय कांद्याच्या जागी दुसऱ्या देशांच्या गोण्या आल्या होत्या. बंदी उठली, आपला लाल कांदा परत आला आणि मी तो आनंदाने घेतो. पण त्या दुसऱ्या गोण्याही शेजारी तशाच उभ्या आहेत.