आमची वाटचाल : जेटच्या काळात वाढलेली आमची कचेरी

ठाण्याच्या नौपाड्यात आमची तिकिटांची कचेरी १९९१ पासून आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे साहेब लोक दिल्ली-मद्रासला निघाले की तिकीट आमच्याकडून घेत. आम्ही सब-एजंट. फोर्टातल्या मोठ्या एजंटाकडून तिकीट उचलायचं आणि लोकलने आणून पोचवायचं. देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स, आणि जागा नसली की वेटिंग.

५ मे १९९३ ला जेट एअरवेज उडू लागली. भाड्याने घेतलेली चार बोइंग ७३७ विमानं, एवढाच पसारा. कायद्याने तेव्हा ती 'एअर टॅक्सी' होती, म्हणजे नियमित विमान कंपनी नव्हे. नियमित विमानसेवा सरकारी कंपन्यांपुरती राखणारा १९५३ चा एअर कॉर्पोरेशन्स कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि १९९५ मध्ये जेटला नियमित विमान कंपनीचा दर्जा मिळाला. जेटचे मालक नरेश गोयल मुळात आमच्याच धंद्यातले. १९७४ पासून त्यांची 'जेटएअर' परदेशी विमान कंपन्यांची तिकिटं विकत होती. एजंटाने काढलेली विमान कंपनी म्हणून आम्हाला तिचं फार अप्रूप होतं आणि तो विश्वास तिने राखला. विमान वेळेवर सुटायचं, जेवण गरम मिळायचं, काउंटरवरची माणसं नीट बोलायची. बदल केलेलं तिकीट परत लिहून देताना कुणी कपाळाला आठी घालत नसे. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी ही त्या वेळच्या खासगी विमान कंपन्यांची नावं दशक संपायच्या आत पुसली गेली. जेट टिकली. आमच्याकडे टेबलं वाढली, संगणक आला, परवाना स्वतःचा झाला.

मग जेट परदेशी उडू लागली : २००४ मध्ये चेन्नई-कोलंबो, २००५ मध्ये मुंबई-लंडन. लंडनच्या त्या विमानाची तिकिटं विकताना वाटलेला अभिमान मला शब्दांत सांगता येत नाही.

पण जमाखर्चाचं गणित तोवर बदललं होतं. स्वस्त भाड्याच्या कंपन्या आल्या : २००३ मध्ये डेक्कन, २००६ मध्ये इंडिगो. कारखान्याचा साहेब आता भाडं आधी विचारायचा, जेवण नंतर. भाडं उतरलं तरी इंधनाचा खर्च उतरत नाही, आणि महाराष्ट्रात तर विमानाच्या इंधनावर २५ टक्के व्हॅट होता. अशा वेळी, २००७ मध्ये, जेटने एअर सहारा ही विमान कंपनी १४५० कोटींना घेतली. माझ्या मते उताराची सुरुवात तिथेच झाली. सेवा उंची ठेवायची आणि स्वस्तवाल्यांशी भाड्यातही लढायचं, हे दोन्ही एका कंपनीला झेपत नाही. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने जेटचा २४ टक्के हिस्सा घेतला, त्यातून दम मिळाला. कर्ज मात्र उरलंच.

त्याच काळात आमचंही गणित फिरलं. २००८ मध्ये कागदी तिकीट गेलं, विमान कंपन्यांचं कमिशनही शून्यावर आलं. आम्ही सेवाशुल्क घ्यायला लागलो, व्हिसाचं काम धरलं, युरोपच्या सहली बांधल्या. उधारीवर धंदा वाढवायचा नाही, हा वडिलांचा नियम मोडला नाही. आजूबाजूच्या कितीतरी कचेऱ्यांची शटर तेव्हा कायमची खाली आली.

२०१८ मध्ये तेल महागलं, रुपया घसरला. जेटचे पगार रखडले आणि भाड्याने घेतलेल्या विमानांचे पैसे थकल्यामुळे ती एकेक करून जमिनीवर आली. मार्च २०१९ मध्ये गोयल पायउतार झाले. बँकांचं देणं ८००० कोटींच्या वर होतं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. नेमकी शाळांची सुट्टी तोंडावर. दुसऱ्या कंपन्यांची भाडी कडाडली होती आणि सहलीला निघालेल्या कुटुंबांसाठी आम्ही रात्र-रात्र जागा शोधत होतो. एकही कुटुंब घरी बसू दिलं नाही.

पुढे दिवाळखोरीचा दावा, २०२१ मध्ये मंजूर झालेली पुनरुज्जीवनाची योजना आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा, आदेश. जेट परत उडेल ही आशा तिथे संपली.

जेटमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेली दोन माणसं आज आमच्याकडे आहेत. एकजण आंतरराष्ट्रीय तिकिटं बघतो, दुसरी नव्या मुलांना तयार करते. रागावलेल्या प्रवाशाशी कसं बोलायचं, ते आमची मुलं तिच्याकडून शिकतात. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार आणि ग्रॅच्युइटी यांचा निकाल बँकांच्या आधी लागायला हवा, असं मला मनापासून वाटतं, कारण प्रवाशांनी विश्वास टाकला तो या माणसांवर.