मुंबईजवळ

परदेशी शिकायला गेलेल्या आम्हा सोलापूरकरांचं एक खोटं ठरलेलं असतं. 'कुठली तू?' 'इंडिया.' 'इंडियात कुठे?' 'मुंबईजवळ.' सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपलं की सकाळी मुंबई येते, साडेचारशे किलोमीटर. याला 'जवळ' म्हणायचं तर पंढरपूर आमच्या मोरीतच आलं. पण समोरच्याचे डोळे 'मुंबई' म्हटल्यावर लकाकतात, तो शाहरुख खानचं नाव घेतो, आपण हसतो आणि दोघंही सुटतो. 'सोलापूर' म्हटलं की पुढे पाच मिनिटं नकाशा हवेत काढावा लागतो. मी दोन वर्षं बिनदिक्कत हे खोटं बोलले असते. एका म्हाताऱ्या बाईंनी मला तिसऱ्याच महिन्यात पकडलं.

गाव होतं केम्निट्स. पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात. माझी मास्टर्सची ॲडमिशन तिथे झाली तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ते माहीत नव्हतं, याचं मला मनातून जरा बरंच वाटलं. चला, सोलापूरसारखंच दुसरं एक सापडलं! बर्लिन, म्युनिकवाले जर्मन लोकही केम्निट्सचं नाव काढलं की 'तिथे का?' असं विचारतात. आपल्याकडे पुण्याची माणसं 'सोलापूर? उन्हाळ्यात कसं राहता हो?' म्हणतात ना, त्याच सुरात. सॅक्सनीची बोलीही बाकीच्या जर्मनांच्या चेष्टेचा विषय. 'काय करलालाव बे' म्हणून पुण्याच्या कॉलेजात हसू करून घेतलेली मी. मला त्या बोलीबद्दल ऐकूनच आपलेपणा वाटला.

गावात बघण्यासारखं काय, म्हणाल तर कार्ल मार्क्सचं डोकं. नुसतं डोकं. सात मीटर उंच, सुमारे चाळीस टनांचं, 1971 साली बसवलेलं. 1953 ते 1990 या गावाचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. नाव गेलं, डोकं राहिलं. स्थानिक लोक त्याला 'निशल' म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत टाळकं. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यासमोर उभं राहून घरी व्हिडिओ कॉल केला. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आडम मास्तरांच्या मोर्चात बॅनरवर असतात की! तिथं पण आहेत होय?" आडम मास्तर म्हणजे आमच्या सोलापूरचे कम्युनिस्ट पुढारी. मागून आईचा आवाज, "ते राहू दे, जेवलीस का?"

2022 च्या उन्हाळ्यात जर्मन सरकारने नऊ युरोचं तिकीट काढलं. जून, जुलै, ऑगस्ट. महिन्याला नऊ युरो द्या आणि देशभर लोकल आणि पॅसेंजर गाड्यांमधून कितीही हिंडा. विद्यार्थ्यांना तर आषाढीची वारीच लागली. आम्ही ड्रेस्डेन केलं, लाइपत्सिग केलं, वायमार केलं. एल्ब नदीच्या काठावरच्या सुळक्यांमधला बास्टाईचा दगडी पूल केला. 'केलं' हाच शब्द बरोबर आहे. काशी-रामेश्वर करतात तसं. चार गाड्या बदलून जायचं, डब्यातली पोळी-चटणी फलाटावर खायची, चर्चसमोर फोटो काढायचा, परतीची गाडी चुकायची. माझ्या फोनमध्ये त्या तीन महिन्यांचे नऊशे फोटो आहेत. त्यातलं कुठलं चर्च कुठलं, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. ड्रेस्डेनचं तेवढं ओळखू येतं. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं आणि 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. जुने काळे दगड त्यात जागोजागी बसवलेत, त्यामुळे ते अंगावर तीळ असल्यासारखं दिसतं.

त्या म्हाताऱ्या बाई मात्र कुठल्याच फोटोत नाहीत. त्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी आणि एक चिनी मुलगी, एका स्वयंपाकघरात दोन देश. इमारतीत जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी येऊन लटकते. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी आपल्या पद्धतीने वरून खाली ओणवं होऊन झाडत आले आणि खाली पोचले तर दारात या उभ्या. त्यांनी वर पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, मान हलवली आणि 'ग्यूट' म्हणाल्या. सॅक्सन माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे पुरस्कारच समजायचा.

ओळख झाली ती मात्र चादरीमुळे. जाताना सामानाच्या वजनावरून घरात महायुद्ध झालं होतं. लॅपटॉप, पुस्तकं, थंडीचे कपडे, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणी तीन किलो, आणि त्यावर आईची सोलापुरी चादर. मी म्हणत होते, अगं तिथे पिसांची पांघरुणं असतात. आई म्हणाली, "असू देत. आपली असावी." एप्रिलमध्ये ऊन पडलं तेव्हा मी ती धुऊन मागच्या अंगणातल्या दोरीवर टाकली. बाई कचरा टाकायला आल्या होत्या, त्या थांबल्या. चादरीचं टोक उचललं, उलटं करून मागची बाजू पाहिली, मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलं. अगदी आमचे आजोबा करायचे तसं. आजोबा मिलमध्ये होते. कुणाच्या लग्नाला गेले तरी आहेराच्या चादरीचं टोक आधी उलटून पाहायचे.

"जकार्ड," बाई म्हणाल्या.

"जकार्ड," मी म्हणाले. मागावरच नक्षी विणायची ती पद्धत.

बरं, माझं जर्मन त्या वेळी 'दूध कुठे मिळेल' इतपतच होतं. पण हा एक शब्द आम्हा दोघींचा सारखाच निघाला. बाईंनी तिथल्या सूतगिरणीत पंचवीस वर्षं काम केलेलं. बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला आणि गिरणी बंद पडली. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं, पुढे काही नाही. आमच्याकडेही मिल बंद पडल्याची गोष्ट एका वाक्यातच सांगतात.

मग त्यांनी विचारलं, ही चादर कुठली? मी म्हटलं, माझ्या गावची. गाव कुठे? आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "मुंबईजवळ."

बाई आत गेल्या आणि ॲटलास घेऊन आल्या. जुना, कापडी बांधणीचा, मुंबईच्या जागी 'बॉम्बे' छापलेला. मी 'शोलापूर'वर बोट ठेवलं, इंग्रजांच्या वेळचं स्पेलिंग तसंच होतं. त्यांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली. हो, फूटपट्टी! बॉम्बे ते शोलापूर मोजलं, खालची मोजपट्टी पाहिली, पेन्सिलीने समासात गुणाकार केला. सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या वर. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "एवढ्या अंतरात मी प्रागला जाऊन परत येते. वर कॉफीही होते. हे जवळ नाही."

मी ओशाळले. आपल्याकडे 'जवळच आहे की' म्हणत माणूस कुणालाही चार कोस चालवतो, हे तिथे कसं सांगायचं?

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी मी खाली जायला लागले. त्या प्रश्न विचारायच्या आणि मला उत्तरं येत नसायची. चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते ती कशी विणतात? सोलापुरात विणकर आले कुठून? मी रात्री बाबांना फोन करायचे. बाबा उत्साहाने सांगायचे, तेलुगू पद्मशाली मंडळी कशी आली, पूर्व भागात घरोघरी लूम कसे बसले, 1877 ची जुनी मिल, आणि तिच्या भोंग्यावर सगळं गाव घड्याळ कसं लावायचं. पुढच्या रविवारी मी ते मोडक्या जर्मनमध्ये खाली पोचवायचे. शेंगाचटणी त्यांना भलतीच आवडली. लोणी लावलेल्या पावावर ती पसरून खायच्या. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तरी बशी सोडली नाही. कडक भाकरीबद्दल मात्र त्यांचं मत होतं की स्वीडनचे लोक हेच बनवतात, फक्त चौकोनी. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

एकदा त्या मला गावच्या उद्योग-संग्रहालयात घेऊन गेल्या. केम्निट्सला एके काळी 'सॅक्सनीचं मँचेस्टर' म्हणत. कापडाच्या गिरण्या तर होत्याच, पण लुई श्योनहेर नावाच्या माणसाने तिथे मागच बनवायचा कारखाना काढला होता. आता त्या कारखान्यात ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. संग्रहालयात जुनी यंत्रं ओळीने मांडलेली, काचेत नव्हे, चालू स्थितीत. एका आजोबांनी आमच्यासाठी माग सुरू केला. पट्टा फिरला, धोटा पळायला लागला आणि तो आवाज आला.

खट्टक-खट, खट्टक-खट.

बाकीच्या लोकांनी कानावर हात ठेवले. मी दहावीत होते. साखर पेठेतल्या मैत्रिणीकडे गणिताला गेलेली, खाली तिच्या घरचे चार लूम चालू, वर आम्ही ओरडून ओरडून त्रिकोणमिती करतोय, आणि तिची आई तेलुगूत हाका मारून चहा देतेय. वीज गेली की आवाज एकदम थांबायचा आणि आम्ही दोघी दचकायचो. मी सात हजार किलोमीटर लांब जाऊन, तिकीट काढून साखर पेठ बघत उभी होते. बाईंनी काही विचारलं नाही. त्याही मागाकडेच बघत होत्या. त्यांची साखर पेठ वेगळी असणार.

परत येताना ट्राममध्ये त्यांनी मला 'डू' म्हणायची परवानगी दिली. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. कोण कुणाला कधीपासून तू म्हणणार, ते मोठ्या माणसाने जाहीर करायचं असतं. बाई सरळ बसल्या, हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. साखरपुड्यासारखंच वाटलं मला. आमच्याकडे पहिल्या भेटीत 'काय बे' म्हणून मोकळे होतात, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आजीलाही 'ए आजी, सरक की' म्हणतात. मला मात्र त्यांना 'डू' म्हणताना शेवटपर्यंत जीभ अडायची. मनात मी 'अहो आजी'च म्हणायचे.

आता त्या चिनी मुलीचं सांगते, नाहीतर राहून जाईल. ती शिजियाझुआंगची. एकदा भांडी घासता घासता तिने विचारलं, खरंच कुठली तू? एव्हाना फूटपट्टीचा धाक बसला होता, म्हणून मी 'सोलापूर' म्हणाले. ती स्वतःशी पुटपुटली, फोनवर काहीतरी शोधलं आणि फोन माझ्यापुढे धरला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस! "हा आमच्या गावात आहे," ती म्हणाली, "शाळेतून आम्हाला समाधीवर फुलं वाहायला न्यायचे." 1938 साली जपानी आक्रमणाच्या काळात भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी हे एक, सोलापूरचे. बाकीचे परतले. यांनी तिथेच लग्न केलं, तिथल्याच लष्करी इस्पितळात राबले आणि 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकात त्यांच्या घरातच त्यांचं स्मारक आहे. मी शाळेच्या सहलीबरोबर एकदा गेले होते आणि मला त्यातलं फक्त बाहेर खाल्लेलं आइसफ्रूट आठवत होतं. तिने विचारलं, "घर कसं आहे त्यांचं?" मी म्हटलं, "छान आहे." आणि लगेच भावाला मेसेज केला, उद्या जाऊन फोटो काढून पाठव. तो गेला, बिचारा. सोबत लिहिलं होतं, 'ताई, मीपण पहिल्यांदाच आत गेलो.'

केम्निट्समध्ये कुठेही उभं राहिलं तरी एक धुराडं दिसतं. वीज केंद्राचं, 302 मीटर उंच. 2013 मध्ये दानियल ब्युरेन या फ्रेंच चित्रकाराच्या कल्पनेवरून त्याला सात रंगांचे पट्टे दिले. बाळाच्या खेळण्यातल्या रिंगा एकावर एक रचाव्यात तसं दिसतं ते. लोक त्याला 'लुलाच' म्हणतात, म्हणजे लंबू. 15 जून 2023 ला मी लंबूकडे तोंड करून बसस्टॉपवर बसले होते आणि फोन सारखा थरथरत होता. सोलापूरच्या झाडून सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. होटगी रोडच्या विमानतळाला अडसर होत होती, नव्वदेक मीटरची. आधी बुंध्याशी धूर, मग सगळी चिमणी वाकली आणि खाली. कुणी फटाके टाकले होते, कुणी रडके चेहरे. आमच्याच घरात भाऊ विमानाच्या बाजूने आणि बाबा चिमणीच्या.

संध्याकाळी तो व्हिडिओ मी खाली दाखवला. आजींनी तो तीनदा पाहिला. मग म्हणाल्या, "आमची पाडली तेव्हा एवढे लोक नव्हते आले."

शिक्षण संपलं, मी परत आले. 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, मागोमाग मुंबईचंही. रात्रभराची मुंबई तासाभरावर आली. म्हणजे माझं खोटं आता जवळपास खरं व्हायला आलंय, पण फूटपट्टीवर ते चालायचं नाही.

गेल्या महिन्यात घरी एक पोस्टकार्ड आलं. चित्र सात रंगांच्या लंबूचं. मागे थरथरत्या अक्षरात चार ओळी: गुडघा दुखतो, चटणी संपली, जिना आता कुणी नीट झाडत नाही. पत्ता मात्र ठळक, छापल्यासारखा. माझं नाव, गल्ली, सोलापूर, पिनकोड, इंडिया, आणि त्याखाली जर्मनमध्ये एक जादा ओळ, पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलेली.

पोस्टमनकाकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "ताई, हे शेवटी काय लिहिलंय?"

"मुंबईजवळ नाही, असं लिहिलंय."

"ते तर नाहीच की," म्हणाले, "मग लिहायचं कशाला?" आणि गाडीला किक मारून पुढच्या घराकडे गेले.