कापडावर मोनोप्रिंट: जिलेटिनची प्लेट आणि ॲक्रिलिक रंग

कागदावर मोनोप्रिंट, म्हणजे प्लेटवर रंग पसरून घेतलेला एकेरी छाप, जमला म्हणजे कापडावर जमेलच असं नाही. कोरडं सुती कापड रंगातलं पाणी आधी ओढून घेतं आणि रंग प्लेटवरच राहतो. त्यामुळे माझं सगळं लक्ष ओलीकडे आणि वेळेकडे असतं.

मी मांजरपाट किंवा कॅम्ब्रिक हे सुती कापड वापरते. नव्या कापडाची खळ गरम पाण्यात साबणाने धुऊन काढायचीच. खळीवर बसलेला रंग पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. मग इस्त्री करून पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि कापड १० मिनिटं गुंडाळून ठेवायचं. हाताला गार लागलं पाहिजे, ओलं नाही. जास्त ओल राहिली तर रंग फुटतो आणि कडा पसरतात.

प्लेट घरी करता येते. ३० ग्रॅम जिलेटिन पावडर १२० मिली पाण्यात १० मिनिटं फुगवायची, १२० मिली ग्लिसरीन घालायचं आणि गरम पाण्यावर धरलेल्या भांड्यात विरघळवायचं. उकळी येऊ द्यायची नाही, हळूच ढवळायचं. फेस झाला की बुडबुडे प्लेटमध्ये अडकतात आणि प्रत्येक छापात पांढरे ठिपके पडतात. १५ × १५ सेंटिमीटरच्या सपाट तळाच्या ट्रेमध्ये ओतल्यावर वरचे बुडबुडे कागदाच्या पट्टीने कडेला ओढायचे. रात्रभरात सेंटिमीटरभर जाडीची प्लेट तयार होते. उन्हाळ्यात ती मऊ पडते, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची. चिरली तर वितळवून पुन्हा ओतायची.

रंगासाठी साध्या ॲक्रिलिकचे दोन भाग आणि फॅब्रिक मीडियमचा (कापडासाठी रंगात मिसळायच्या द्रवाचा) एक भाग. मीडियम नसेल तर वाळल्यावर कापड कडक होतं. एवढ्या प्लेटला अर्धा चमचा मिश्रण पुरतं. प्लेटवर रोलरने रंग पसरवताना आधी पचपच आवाज येतो. तो थांबून बारीक चर्रर्र ऐकू आलं की थर बरोबर झाला. आणि पंखा बंद! पंख्याखाली रंग बघता बघता सुकतो.

खरी गंमत पानांची. पिंपळाचं ताजं पान दिवसभर वहीत दाबून ठेवते, म्हणजे ते सपाट बसतं. मागच्या बाजूला शिरा उठावदार असतात, ती बाजू रंगावर ठेवायची. वर कापड टाकून तळव्याने मधून कडेकडे दाबायचं. हा पहिला छाप: रंगीत चौकोनात पांढरं पान. लगेच पान चिमट्याने उचलायचं. त्याखाली राहिलेल्या रंगात शिरांची अख्खी जाळी उमटलेली असते. त्यावर कापडाचा दुसरा तुकडा ठेवून जरा जोर लावून, मिनिटभर दाबायचं. मला हाच दुसरा छाप जास्त आवडतो. रंग सुकू लागला असेल तर दुसऱ्या तुकड्याला थोडी जास्त ओल द्यायची. प्लेटवर थेट फवारा मारला तर पाण्याचे थेंब साचून शिरा पुसट होतात. एखादा कोपरा उचलून बघावा, फिका वाटला तर कापड न हलवता परत दाबावा.

प्लेटच्या कडेला साचलेला रंग बोटाने पुसला नाही तर छापाला जाड काळपट चौकट येते. शेवग्याची डहाळी, जुनी लेस, कांद्याच्या पिशवीची जाळी, सगळं चालतं. टोकदार काही नको, प्लेट फाटते.

छाप २४ तास सुकू द्यायचा. मग उलट्या बाजूने, सुती कापडाच्या तापमानावर, वाफेशिवाय, ३ ते ५ मिनिटं इस्त्री फिरवत राहायची. आठवडाभर धुवायचं नाही. नंतर थंड पाण्यात, उलटं करून, ब्रश न लावता.