जिप्सी अपडेट: दोन काटे, एकच दुखणं

अखेर जिप्सीच्या हीटचा, म्हणजे इंजिनच्या तापमानाचा, काटा मधोमध येऊन थांबला! सिंहगडाचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, वर गाडी लावली, तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही.

डॅशबोर्डवर नवं मीटर बसवल्यापासूनची रड अशी. इंजिन नीट तापायच्या आत हीटचा काटा लालकडे धावायचा, आणि टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा ‘एफ’च्याही पलीकडे. कूलंट, थर्मोस्टॅट, फ्लोट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. इन्फ्रारेड गन थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर धरली तर तापमान ८०-८५च्या घरात. म्हणजे इंजिन ठणठणीत.

खरा धागा हेडलाइटने दिला. गाडी आयडलिंगवर असताना लाइट लावले की दोन्ही काटे हळूहळू थोडे खाली यायचे, रेस केली की परत वर. टाकीतला फ्लोट आणि इंजिनवरचा सेन्सर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ते एकाच वेळी, एकाच दिशेला चुकत असतील तर दोघांचा सप्लायच बिघडलेला असणार. जिप्सीत हे दोन्ही गेज साधारण ७ व्होल्टवर चालतात आणि ते ७ व्होल्ट देणारा बायमेटलचा (तापली की वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचा) रेग्युलेटर फ्युएल गेजच्या पोटातच असतो. त्याला अर्थिंग मिळालं नाही तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी वेगळी वायर थेट बॉडीला दिली. फरक शून्य. मग टेस्टलॅम्प लावला. चांगल्या रेग्युलेटरवर दिवा लुकलुकतो, कारण पॉइंट उघडझाप करत सरासरी ७ व्होल्ट देतात. इथे दिवा एकसारखा जळत राहिला. गेज उघडलं तर पॉइंट एकमेकांना चिकटलेले, टोकाशी पत्रा काळा पडलेला. कोरं म्हणून विकलेल्या मीटरमध्ये ही अवस्था, आणि दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. माझं स्पष्ट मत: चकचकीत लोकल क्लस्टरपेक्षा (म्हणजे सगळ्या काट्यांच्या अख्ख्या मीटरपेक्षा) जुन्या बाजारातलं ओरखडलेल्या काचेचं ओरिजिनल मीटर केव्हाही बरं. फक्त मागची फ्लेक्झिबल सर्किट शीट उजेडात धरून ट्रॅक कुठे तुटलाय का ते बघून घ्या.

उपाय पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळाला. एलएम३१७ ही व्होल्टेज रेग्युलेटरची चिप, सोबत २४० ओहम आणि १.१ किलोओहमचे रेझिस्टर. हिशेबाने ६.९८ व्होल्ट येतात, मल्टीमीटरनेही जवळपास तेवढेच दाखवले. चिकटलेल्या पॉइंटची फीड तोडली आणि दोन्ही गेजना इथून सप्लाय दिला. एक गोष्ट जपा: ३१७चा मागचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटर चिपसारखा अर्थिंगला नाही. हीटसिंकवर बसवताना अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच, नाहीतर बॉडीला शॉर्ट.

इग्निशन दिल्यावर काटा जो सावकाश, न थरथरता वर चढत गेला, ते बघताना इतकं भारी वाटलं! वळणावर टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी हे बायमेटलचे गेज उड्या मारत नाहीत. डिजिटल क्लस्टर टाकायचा बेत म्हणून रद्द.

मीटरमधल्या बल्बच्या जागी एलईडी मात्र टाकले. फक्त चार्जिंगचा बल्ब साधाच ठेवला, कारण त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. जुन्या मीटरचं रीडिंग तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून फोटोही काढून ठेवलाय. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला खरे किलोमीटर कळलेच पाहिजेत.

लिहिता लिहिताच सुचलं, हे सर्किट क्लस्टरच्या मागे ठेवायचंच कशाला? फ्यूजबॉक्सशेजारी छोट्या डबीत बसवलं तर उद्या ३१७ गेला तरी डॅशबोर्ड खोलायला नको, आणि तिथेच एक व्होल्टमीटरही जोडता येईल. लांब वायरमुळे इनपुटला एक कपॅसिटर वाढवावा लागेल, एवढंच. म्हणजे येत्या रविवारी मीटर पुन्हा बाहेर काढणं आलं. तेव्हाच स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफर केसपासून सोडवून ग्रीस करून घेतो, ४०च्या आसपास काटा अजून थरथरतोय.